थंडीत मासा गळाला का लागत नाही?

मार्गशीर्ष सरतो आणि पौष लागतो. सकाळी शेकोटीजवळून उठवत नाही. अशा दिवसांत तळ्यावर गळ टाकून बसणाऱ्या माणसाला एक अनुभव नेहमी येतो. भाद्रपदात ज्या जागी तासाभरात पाच-सहा मासे लागले, त्याच जागी आता सकाळपासून बसले तरी दोरी हलत नाही. गळ काढून पाहावा, तर गांडूळ जसेच्या तसे. मासा येत नाही, आणि आलाच तर आमिष हुंगून निघून जातो.

मग लोक निरनिराळी कारणे सांगतात. कोणी म्हणतो, तळ्याला नजर लागली. कोणी म्हणतो, पाण्यातली देवी कोपली. कोणी म्हणतो, मासे संपले. यातले एकही कारण खरे नाही. मासे तळ्यातच आहेत. त्यांची भूक मात्र कमी झालेली आहे. ती का कमी होते आणि अशा वेळी आपण काय करावे, ते या धड्यात पाहू.

१. माशाचे अंग पाण्याइतकेच गार

माणसाचे अंग बाराही महिने सारखेच गरम असते. निरोगी माणसाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस. बाहेर वैशाखाचे ऊन असो की पौषातली थंडी, ते तेवढेच राहते. आपण जे अन्न खातो, त्यातला पुष्कळ भाग अंग गरम ठेवण्यात खर्च होतो. म्हणून तर थंडीत आपल्याला भूक जास्त लागते.

माशाचे तसे नाही. आपल्या तळ्यातल्या माशाचे अंग पाण्याइतकेच गरम किंवा गार असते. पाणी ३० अंशांवर असले तर मासाही ३० अंशांवर. पाणी १८ अंशांवर उतरले की मासाही १८ अंशांवर. साप, बेडूक आणि पाल यांचेही असेच. थंडीच्या दिवसांत भिंतीवर पाली कमी दिसतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. बेडकाचा आवाज तर मुळीच ऐकू येत नाही. ते मेलेले नसतात. थंडीमुळे त्यांच्या अंगातला कारभार मंद झालेला असतो.

चुलीचे उदाहरण घ्या. चूल धडधडून पेटली, की लाकूड भराभर जळते आणि सारखे सरण घालावे लागते. चूल मंद केली, की एकच लाकूड पुष्कळ वेळ पुरते. माशाचे पोट या चुलीसारखे आहे. पाणी १० अंशांनी गार झाले, की माशाच्या अंगातले काम साधारण निम्म्यावर येते. श्वास हळू, पोहणे हळू आणि पचनही हळू. उन्हाळ्यात पोटातले अन्न लवकर जिरते आणि मासा पुन्हा खायला निघतो. थंडीत तेच अन्न जिरायला बराच जास्त वेळ लागतो. पोट भरलेले असताना तो तुमच्या गांडुळामागे कशाला धावेल?

२. किती गार पाण्यात किती भूक?

रोहू, कटला आणि मृगळ हे आपल्याकडचे मुख्य पाळीव मासे. २५ ते ३० अंशांच्या पाण्यात ते चांगले खातात व चांगले वाढतात. पाणी २० अंशांखाली गेले, की त्यांची भूक चांगलीच मंदावते. १५ अंशांखाली ती जवळजवळ बंद होते. मासा मरत नाही, पण वाढतही नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर तो दिवस काढतो.

चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला, उष्ण मुलखातला. त्याला थंडी आणखी सोसत नाही. १६-१७ अंशांवर तो खाणे सोडतो. १०-११ अंशांच्या पाण्यात तो मरू लागतो.

सायप्रिनस मासा मात्र थंडीला या सर्वांपेक्षा टणक. थंडीच्या दिवसांत गळाला मासा लागलाच, तर तो सायप्रिनस असण्याचा संभव जास्त.

काश्मीरच्या ओढ्यांतला ट्राउट मासा तर उलट्या स्वभावाचा. त्याला थंड पाणीच मानवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या तळ्यात सोडला, तर तो जगणार नाही. म्हणजे ‘थंडीत मासा खात नाही’ हा नियम जगातल्या सर्व माशांना लागू नाही. ज्या माशाचा जन्म ज्या पाण्यातला, त्याला ते पाणी बरे.

मरळ आणि मागूर हे मासे पाण्यावर तोंड काढून हवाही घेतात. म्हणून थोड्या पाण्यात, चिखलात ते तग धरतात. पण थंडी त्यांनाही लागते. भर थंडीत ते गवताखाली, मुळांच्या आडोशाला, चिखलाशी दबून बसतात.

३. तळे कसे निवते?

पाणी उशिरा तापते आणि उशिरा निवते. थंडीत भल्या पहाटे तळ्यावर गेलात, तर पाण्यावर वाफ दिसते. हात घातला तर पाणी हवेपेक्षा कोमट लागते. याचे कारण हेच. रात्रीतून हवा लवकर गार झाली, पण पाण्याने दिवसाची ऊब धरून ठेवली. म्हणून एका रात्रीच्या थंडीने माशाची भूक जात नाही. आठ-दहा दिवस सारखी थंडी पडली, की सगळे तळे हळूहळू गार होत जाते. तसेच, थंडी सरली तरी भूक लगेच परतत नाही. पाणी तापायला पुन्हा काही दिवस जातात.

दुसरी गोष्ट. गार पाणी जड असते. रात्री वरचे पाणी निवते, जड होते आणि तळाशी जाते. खालचे थोडे उबदार पाणी वर येते. अशी उलथापालथ रात्रभर चालते. उथळ तळे त्यामुळे लवकर गार होते. खोल तळ्यात पाणी जास्त, म्हणून ते उशिरा गार होते. थंडीच्या रात्री मासे उथळ काठ सोडून खोल डोहात जातात, ते यासाठीच.

दिवसा वारा शांत असला आणि ऊन पडले, की वरचे हात-दोन हात पाणी तापते. तेव्हा मासे थोडे वर येतात. आपण अंगणात उन्हाला बसतो ना, तसेच.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत जुने मालगुजारी तलाव पुष्कळ आहेत. १९५१ साली तिथली मालगुजारी संपली. तेव्हापासून त्यांना ‘माजी मालगुजारी’ तलाव म्हणतात. त्या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ असेही म्हणतात. यांतले बरेचसे तलाव पसरट आणि उथळ आहेत, आणि तो मुलूख विदर्भातल्या थंडीचा. म्हणून तिथल्या ढीवर बांधवांना या धड्यातली गोष्ट दरवर्षी अनुभवावी लागते.

४. थंडीत गळ कसा टाकावा?

मासा थोडे खातो, हळू खातो आणि दूर जाऊन खात नाही. या तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या, की पुढचे सगळे आपोआप सुचते.

वेळ : भल्या पहाटे जाऊन कुडकुडत बसण्यात अर्थ नाही. रात्रभर निवलेले पाणी त्या वेळी सर्वांत गार असते. सकाळी ११ ते दुपारी ४ ही वेळ बरी. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. तेव्हा पहाट आणि संध्याकाळ चांगली.

जागा : थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून सावली उत्तरेकडे पडते. तळ्याच्या दक्षिण काठावर झाडे किंवा उंच बांध असेल, तर त्याची सावली पाण्यावर पडते आणि तिथले पाणी गार राहते. उत्तरेच्या काठाला मात्र ऊन लागते. तेव्हा उत्तर काठावर, जिथे काठाजवळच पाणी खोल आहे, अशी जागा पाहावी. दुपारी तिथे मासा सापडण्याचा संभव अधिक.

खोली : कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या पाण्यात आणि मृगळ तळाशी. थंडीत मात्र सगळेच बरेचसे खाली असतात. म्हणून गळ तळाजवळ सोडावा. दुपारी ऊन तापले, तर थोडा वर घेऊन पाहावा.

आमिष : आमिष लहान असावे. भादव्यात अख्खे गांडूळ लावले असेल, तर आता अर्धेच लावा. कणकेची गोळी हरभऱ्याएवढी नको, तुरीच्या दाण्याएवढी करा. ती मऊ असावी. गळही लहान घ्यावा.

दोरी व तरंगणारा तुकडा : थंडीत मासा आमिष ओढून पळत नाही. तो ओठांनी चाचपून पाहतो. मोठे लाकूड बांधले असेल, तर ही हालचाल कळत नाही. ज्वारीच्या धांड्याचा लहानसा तुकडा बांधा. तो नुसता थरथरला, तरी समजा की मासा आला आहे. घाई करून हिसका देऊ नका. तुकडा एका बाजूला सरकू लागला, की मग हलकेच ओढा.

धीर : एका जागी निदान अर्धा तास थांबा. थंडीतला मासा आमिष शोधत फिरत नाही. आमिषच त्याच्या तोंडाजवळ असावे लागते. अर्ध्या तासात काही झाले नाही, तर जागा बदला.

एवढे करूनही भादव्याइतके मासे लागणार नाहीत. पण अगदी रिकाम्या हाताने परतण्याची पाळी कमी येईल.

५. काठावरचे बोलणे

पौषातली दुपार. एक म्हातारे गृहस्थ तळ्याच्या काठावर गळ टाकून बसले आहेत. त्यांच्या शेजारी गावातला एक तरुण येऊन बसतो.

तरुण : काकाजी, राम राम.

काकाजी : राम राम, बापू. बस. काही लागलं का आज?

तरुण : कुठलं लागते जी! चार दिवस झाले, एक मासा नाही. घरी दोन लेकरं हायेत. बाजारात न्यायला काही नाही, तर मीठ-मिरची कशानं आणू?

काकाजी : थंडीचे दिवस आहेत, बापू. मासा खात नाही.

तरुण : पलीकडल्या गावचा एक जण म्हणत होता, रात्री पाण्यात औषध टाक. सकाळी मासे आपोआप वर येतात. नाही तर विजेची तार सोड म्हणे.

काकाजी : तू काय म्हणालास मग?

तरुण : अजून काही म्हटलं नाही जी. पण पोटाची आग वाईट असते.

काकाजी : खरं आहे. पण ऐक. औषध टाकलं तर मोठा मासा मरेल, तसा लहानही मरेल. श्रावणात आपल्या संस्थेनं वर्गणी काढून बोटुकली सोडली. ती आता कुठं वीतभर झाली आहे. ती सगळी मरेल. मरळीची पिलंही मरतील. मग पुढल्या वर्षी काय धरशील?

तरुण : हे बी खरं.

काकाजी : आणि या पाण्यावर गावची गुरं येतात. बाया धुणं धुतात. विषानं मेलेला मासा तू बाजारात नेशील, तो कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाईल. विजेच्या तारेचं तर बोलूच नको. ज्या पाण्यात मासा मरतो, त्या पाण्यात पाय असलेला माणूसही मरतो. घरच्या लेकरांचं मग कोण पाहील?

तरुण : मग करू काय, काकाजी?

काकाजी : पहाटे येणं सोड. दुपारी ये. पलीकडच्या उन्हाच्या काठाला बस. गांडूळ अर्धं लाव. आणि पौष-माघाचे दोन महिने नुसत्या गळावर विसंबू नको. जाळी विणायची, फाटलेली शिवायची, डोंग्याला डागडुजी करायची, धानाच्या मळणीला जायचं. आपले वाडवडील असंच करत आले. मासा थांबला, की हातानं दुसरं काम धरायचं.

तरुण : ठीक आहे जी. उद्या दुपारीच येतो.

बंधूंनो, काकाजींचे म्हणणे खरे आहे. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास १८९७ सालच्या भारतीय मत्स्य कायद्यानेच मनाई केली होती. आजही तो गुन्हाच आहे. पण कायद्याहून मोठी गोष्ट ही, की तळे सगळ्या गावाचे असते. एका रात्रीच्या लोभाने ते वर्षभरासाठी ओसाड होते.

६. मासे पाळणाऱ्यांनी काय करावे?

ज्यांनी शेततळ्यात किंवा गावतळ्यात मासे पाळले आहेत, त्यांना हा धडा आणखी उपयोगी आहे. पुष्कळ लोक पावसाळ्यात जेवढे खाद्य घालतात, तेवढेच पौषातही घालतात. मासा ते खात नाही. खाद्य तळाशी पडून कुजते. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि पाण्यात घाण वायू तयार होतात. म्हणजे पैसा गेला तो गेला, वर माशाच्या जिवालाही धोका.

आता एक हिशेब करू. समजा, तळ्यात सगळे मिळून ४०० किलो मासे आहेत. एरवी तुम्ही माशांच्या वजनाच्या शेकडा २ या प्रमाणात खाद्य देता. म्हणजे रोज ८ किलो. भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड मिळून किलोला ३० रुपये पडतात असे धरू. रोजचा खर्च २४० रुपये झाला. थंडीत खाद्य शेकडा १ केले, तर रोज ४ किलो लागेल. खर्च १२० रुपये. रोज १२० रुपये वाचले. ६० दिवसांत किती वाचले?

१२० × ६० = ७,२०० रुपये.

एवढे पैसे आपण एरवी चिखलात टाकत होतो! तुमच्या गावात पेंडीचा जो भाव असेल, तो घालून हाच हिशेब घरी करून पाहा.

पण शेकडा किती, हे तरी कसे ठरवावे? त्याला एक सोपा उपाय आहे. बांबूची पसरट टोपली घ्या. तिला चार दोऱ्या बांधा. त्यात खाद्य ठेवून ती पाण्यात सोडा. दोन तासांनी वर काढून पाहा. खाद्य संपले असेल, तर दुसऱ्या दिवशी तेवढेच द्या. उरले असेल, तर दुसऱ्या दिवशी कमी करा. जास्त थंडी असेल, तर एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवले तरी चालते. मासा उपाशी मरत नाही. खाद्य सकाळी देऊ नका. ऊन तापल्यावर दुपारी द्या.

एक इशारा. थंडीत मध्येच आभाळ येते आणि दोन-तीन दिवस ऊन पडत नाही. पाण्यातल्या बारीक हिरव्या वनस्पती उन्हाच्या साहाय्याने प्राणवायू तयार करतात. ऊन नसले, की तो कमी तयार होतो. अशा दिवशी खाद्य देऊ नये. तसे पाहिले, तर गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम मावतो, आणि २० अंशांच्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम. पण तळाशी खाद्य कुजत असेल, तर हा लाभ टिकत नाही.

७. थंडीतले दुखणे

थंडीने माशाची रोगाशी झगडण्याची ताकदही कमी होते. अंगावर लाल चट्टे पडतात. पुढे तिथे जखमा होतात आणि मांस दिसू लागते. एका प्रकारच्या बुरशीमुळे हा रोग होतो. आपल्या देशात तो १९८८ साली प्रथम ईशान्येकडच्या राज्यांत आला आणि मग इतरत्र पसरला. पावसाळा सरल्यावर व थंडीत तो जास्त दिसतो.

म्हणून थंडीत उगाच जाळे ओढून मासे हाताळू नका. खरवडलेल्या जागीच बुरशी धरते. चट्टे पडलेला मासा दिसला, की तो बाहेर काढून दूर पुरा. दुसऱ्या तळ्यात वापरलेले जाळे कडक उन्हात चांगले वाळवूनच आपल्या तळ्यात टाका. तळ्यात चुना टाकण्याचा उपाय आहे. पण तो किती टाकायचा, हे पाण्याच्या परीक्षेवरून ठरते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याला आधी विचारा. अंदाजाने पोती ओतू नका.

थंडीचा एक फायदाही आहे. या दिवसांत धरलेला मासा लवकर नासत नाही. दूरच्या बाजाराला न्यायला हा काळ बरा. विकण्याजोगे मोठे मासे काढायचे असतील, तर एकदाच, नीट ठरवून जाळे टाका.

८. एक वही ठेवा

आता तुम्हाला लिहिता येते. त्या लिहिण्याचा उपयोग तळ्यावर करा. बाजारात पाणी मोजायचा साधा तापमापक मिळतो. तो दोरीला बांधून हातभर खोल सोडा. दुपारी वर काढून लगेच वाचा. वहीत चार रकाने आखा :

तारीख | पाणी किती अंश | ऊन की आभाळ | किती मासे लागले

रोज एक ओळ लिहा. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत लिहिलेत, तर आपल्या तळ्यातला मासा किती अंशांवर रुसतो आणि किती अंशांवर पुन्हा खाऊ लागतो, हे तुम्हालाच कळेल. दुसऱ्याचे तळे वेगळे, आपले वेगळे. आपल्या तळ्याची माहिती आपल्याच वहीत सापडेल. पुढच्या वर्षी खाद्य कधी कमी करावे, गळ कधी काढावा, जाळे कधी टाकावे, हे त्या वहीवरून ठरवता येईल. ती वही पुढे तुमच्या मुलालाही उपयोगी पडेल.

लक्षात ठेवा

थंडीत मासा संपत नाही, त्याची भूक मंदावते.
दुपारी, उन्हाच्या काठाला, खोल पाण्यात, लहान आमिष लावून गळ टाका.
थंडीत खाद्य कमी द्या. उरलेले खाद्य पाणी नासवते.
विष, सुरुंग आणि वीज यांना हात लावू नका.

प्रश्न

१. थंडीत माणसाला भूक जास्त लागते आणि माशाला कमी. असे का?
२. थंडीत पहाटेपेक्षा दुपारी मासा लागण्याचा संभव जास्त का?
३. तळ्यात ३०० किलो मासे आहेत. शेकडा १ प्रमाणे रोज किती खाद्य लागेल?
४. काकाजींनी तरुणाला विष टाकू नको म्हणून सांगितले. त्यांनी कोणकोणती कारणे दिली?
५. तुमच्या तळ्याचा उत्तर काठ कोणता? दुपारी तिथे ऊन असते की सावली? पाहून या आणि दोन ओळी लिहा.

वाचा आणि तीन वेळा लिहा : प्राणवायू, तापमापक, बोटुकली, मत्स्यव्यवसाय, सायप्रिनस.